आदल्या दिवसाचे दत्तोपंत

दत्तोपंत पळसुल्यांची दिवाळी आमच्या दिवाळीच्या आदल्या दिवशी असायची.

चिंचवडला देवळामागच्या ओळीत आमच्या खोल्या शेजारीशेजारी होत्या. मध्ये एकच भिंत. नरकचतुर्दशीच्या आदल्या पहाटे त्यांच्या बंबाचा धूर आमच्या खोलीत शिरायचा, मागोमाग उटण्याचा वास, आणि मग पायाखाली कारीट फुटल्याचा आवाज. पहिल्या वर्षी आमची ही दचकून उठली आणि मला हलवून म्हणाली, "अहो, आपली दिवाळी चुकली!" मी कंदील लावून कॅलेंडर पाहिलं. आमची दिवाळी जागच्या जागी होती.

सकाळी मी त्यांना विचारलं. ते अंगणात कोरड्या पंच्याने कान पुसत उभे होते.

"ऐन दिवशी बंब पेटला नाही तर?" ते म्हणाले. "ऐन वेळी काय होईल सांगता येत नाही, खेडकर. शेवटचा दिवस आपला नसतोच. तो सरकारचा. आपला त्याच्या आदला."

दिवाळीशी सरकारचा संबंध काय, असं मी विचारणार होतो. पण ते माझे हेडक्लार्क होते आणि मला नोकरीला लागून जेमतेम दोन महिने झाले होते. मी नगरकडचा माणूस. आमच्याकडे काम शेवटच्या दिवशी सुरू करायची पद्धत आहे. पिंपरीला नवा कारखाना निघाला, तिथे हिशेब खात्यात चिकटलो आणि या गृहस्थांच्या हाताखाली सापडलो. त्यानंतर माझ्या आयुष्यातला एकेक दिवस कमी होत गेला. सगळं आदल्या दिवशी करायचं म्हटल्यावर खरा दिवस रिकामाच जायचा.

एकदा आम्ही दोघं कामासाठी पुण्याला निघालो. स्टेशनवर पोचलो तर एक गाडी समोर उभी. मी चढायला गेलो, तर त्यांनी माझ्या सदऱ्याला धरून मागे ओढलं.

"ही आपली नाही. आपली यानंतरची."

"अहो, पण ही पुण्यालाच जातेय."

"जाऊ दे. आपण वेळेआधी आलो आहोत."

ती रिकामी गाडी आमच्यासमोरून पुण्याला गेली. आम्ही बाकावर बसून दीड तास आमच्या गाडीची वाट पाहिली आणि मग खच्चून भरलेल्या डब्यात उभ्याने गेलो. दत्तोपंतांच्या चेहऱ्यावर कमालीचं समाधान होतं.

पण हे सगळं किरकोळ. त्यांचा जीव खरा होता तो इन्कमटॅक्सच्या रिटर्नमध्ये.

आता, हेडक्लार्क झाला तरी त्याचा पगार तो किती! कर लागायला जेवढी मिळकत लागते, तेवढी दत्तोपंतांची नव्हतीच. पुण्याच्या ऑफिसात त्यांना दोनदा तसं समजावून सांगितलं होतं. तरी ते दरवर्षी रिटर्न भरत. मे महिन्यात सरकारी जाहीर नोटीस पेपरात आली की दुसऱ्या दिवशी रजा टाकून, धुतलेलं धोतर नेसून, काळी टोपी घालून ते पुण्याला जात आणि कोरं करकरीत रिटर्न दाखल करून शिक्का मारलेली पोच घेऊन येत. ती पोच मग पत्र्याच्या पेटीत.

"पण तुम्हाला कर लागतच नाही ना, दत्तोपंत?"

"नाही लागत. पण माझ्याकडून काही येणं नाही, हे सरकारला वेळेवर कळायला नको?"

पुढच्या वर्षापासून माझंही रिटर्न त्यांनी भरायला घेतलं. माझा पगार सरकारच्या खिजगणतीतही नव्हता. पुण्याच्या ऑफिसातला चपराशी आम्हाला बघून दुसऱ्याला म्हणायचा, "आले रे, उन्हाळा लागला."

लोक भेटले की रामराम घालतात, कसं काय विचारतात. दत्तोपंत विचारायचे, "भरलं का?" पिठाच्या गिरणीवाल्याला विचारायचे, सायकलच्या दुकानदाराला विचारायचे, डॉक्टरला तर नाडी हातात असताना विचारलं होतं. ज्यांना खरंच भरायचं असे त्यांचे फॉर्म ते स्वतः, फुकट, सुंदर अक्षरात भरून देत. दंड कसा बसतो याचं त्यांनी केलेलं वर्णन ऐकून गिरणीवाल्याने त्या रात्री जेवण टाकलं होतं म्हणतात. आणि एक गोष्ट त्यांना मुळीच खपायची नाही, ती म्हणजे मुदतवाढ मागणं. कायद्यात तशी सोय आहे, साहेबाच्या मर्जीवर आहे, हे त्यांना तोंडपाठ होतं. पण ते म्हणायचे, "भीक मागायचीही कायद्यात सोय आहे. म्हणून काय वाडगं घेऊन बसायचं?"

तर अशा या माणसाच्या टेबलासमोर एके दिवशी सोपानराव येऊन उभे राहिले.

सोपानराव ताथवड्याजवळच्या एका वाडीचे. शेतकरी, पण डोक्याने चलाख. देहूरोडच्या डेपोतला मिलिटरीचा एक जुना ट्रक त्यांनी लिलावात घेतला होता आणि आमच्या कारखान्याच्या बांधकामाला मुरूम आणि खडी टाकायचं काम धरलं होतं. दोघं भाऊ आणि त्यांची खटली त्या एका ट्रकवर उभी होती. बिलाचे पैसे घ्यायला ते आमच्या खात्यात यायचे, येताना कधी कांदे, कधी बटाटे आणायचे आणि दत्तोपंत ते परत करायचे.

दसरा होऊन गेला होता, दिवाळी तोंडावर आली होती. दत्तोपंतांनी बिलावर सही करता करता सवयीने विचारलं, "सोपानराव, भरलं का?"

"काय भरायचं?"

"इन्कमटॅक्स. कंत्राटदार झालात आता. नोटीस येईल तुम्हाला."

सोपानराव हसले. "आल्ती की! खाकी टोपीवाला आल्ता सायकलीवर. आमी घेतोय व्हय? कागुद घ्यायचाच न्हाई, असं आमच्या वाडीचं ठरलंय."

हे मात्र खरं होतं. कारखान्यासाठी आणखी जमिनी जाणार अशी आवई त्या वर्षी सगळ्या वाड्यांमधून उठली होती. सरकारी कागदावर अंगठा उठला की जमीन गेली, हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. म्हणून वाडीने चावडीवर बसून ठरवलं होतं की टोपीवाल्याकडून कोणी काही घ्यायचं नाही, मग ते पोस्टाचं कार्ड का असेना. एकाच्या मेहुण्याची मनीऑर्डर या ठरावापायी दोनदा परत गेली होती.

दत्तोपंतांचा टाक थांबला. "मग? तो कागद परत घेऊन गेला?"

"न्हाई वं. दाराशेजारी भितीला डकवला आन् गेला."

"अहो, मग नोटीस बजावली गेली! भिंतीला लावली म्हणजे तुमच्या हातात दिली! कधी लावली?"

"घट बसायच्या अगुदर कवातरी."

"आणि आहे कुठे ती?"

"आसंल की भितीतच," सोपानराव म्हणाले. "आमच्या म्हातारीनं घटासाठी घर पोतारलं न्हवं का."

दत्तोपंत पळसुल्यांना कामाच्या वेळात खुर्चीवरून उठताना मी तेव्हा प्रथम पाहिलं.

त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा लिहिली, माझीही लिहिली, आणि आम्ही दोघं सायकलींवर त्या वाडीला गेलो. नदी ओलांडून चढ चढेपर्यंत माझा जीव घशाशी आला. सोपानराव ट्रक घेऊन आमच्या आधी पोचले होते. भिंत पांढऱ्या मातीने नुकती पोतारलेली, लख्ख, वर गेरूची बोटं ओढलेली. म्हातारी, म्हणजे सोपानरावांची आई, त्या भिंतीसमोर कमरेवर हात ठेवून उभी.

"माज्या भितीला हात लावायचा न्हाई," ती म्हणाली.

"आजी, आत नोटीस आहे."

"आसू दे. आत हाय तवर ब्याद न्हाई."

तिची समजूत घालायला पाऊण तास गेला. शेवटी सोपानराव म्हणाले, "आये, टरक जाईल गं," तेव्हा ती बाजूला झाली. ट्रकला ती पोटच्या पोरासारखी जपायची. दर अमावास्येला नारळ फोडायची.

मग दत्तोपंतांनी टोपी काढून खिशात ठेवली, तांब्याभर पाणी मागितलं आणि एका कालथ्याने भिंत खरवडायला सुरुवात केली. एवढ्या हळुवारपणे मी त्यांना काही करताना पाहिलं नव्हतं. वाडीतली सगळी माणसं जमली. पांढरा थर गेला, त्याखाली शेणाचा थर गेला आणि मग कागदाचा कोपरा दिसला. म्हातारीने तो चांगलाच बसवला होता. मधला मजकूर मातीत गेला होता, पण खालची शाई शाबूत होती: लावल्याची तारीख, आणि तीस दिवस.

दत्तोपंतांनी बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. मला मोजायला सांगितलं. मीही तेवढेच मोजले.

"उद्या," ते म्हणाले.

"मंग उंद्या भरू की," सोपानराव म्हणाले.

"हिशेब कुठे आहे?"

सोपानरावांनी घरातून एक टोपली आणली. तिच्यात पेट्रोलच्या पावत्या, खडीच्या खाणीवरच्या चिठ्ठ्या, टायरचं बिल, एक लग्नपत्रिका आणि थोडी लसूण होती. निम्म्या चिठ्ठ्या खाणीवाल्याकडेच होत्या आणि खाणीवाला लेकीला दिवाळीसाठी आणायला तिच्या सासरी, जुन्नरकडे गेला होता. तो आठ दिवसांनी येणार होता.

"न्हाई भरलं तर काय हुतं?" सोपानरावांनी विचारलं. आता त्यांचा आवाज खाली आला होता.

दत्तोपंतांनी सांगितलं. साहेब आपल्या अंदाजाने मिळकत धरतील. आमच्या कारखान्याची बिलं त्यांच्यासमोर असतील, खर्चाची चिठ्ठी एकही नसेल. म्हणजे सगळं बिल हाच नफा. त्यावर कर, आणि कराच्या डोक्यावर दंड.

"मग टरक इकावा लागंल," सोपानराव म्हणाले. म्हातारी उखडलेल्या भिंतीकडे बघत बसली होती.

"एक उपाय आहे," मी म्हणालो. "मुदतवाढ मागायची."

दत्तोपंतांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी सोपानरावांना दरोडा घालायला सांगितलं होतं.

इथे मला थोडं वेगळं सांगायला हवं. त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या ओळीत हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

दत्तोपंतांना एक मुलगी होती, कुसुम. आई लहानपणीच गेलेली, दत्तोपंतांनीच तिला वाढवली. वेण्यासुद्धा तेच घालायचे. ती मोठी झाली आणि तिने दापोडीच्या वर्कशॉपमधल्या एका टर्नरशी लग्न केलं. वसंता त्याचं नाव, बीडकडचा, जातीबाहेरचा, पण पोरगा सोन्यासारखा. दोघांनी कासारवाडीत खोली घेतली. दत्तोपंत रागावले नाहीत, ओरडले नाहीत. त्यांनी मुलीला रजिस्टर पत्र पाठवलं, पोचपावतीसह. 'येत्या वर्षप्रतिपदेपर्यंत समक्ष येऊन भेटावे. त्यानंतर या घराशी संबंध राहणार नाही.' त्यांच्या पिढीच्या मानाने हे पत्र मवाळच म्हणायचं. दार उघडं ठेवलं होतं बापाने, तारीख घालून का होईना.

पाडव्याच्या दिवशी त्यांनी सकाळपासून बाहेर खुर्ची टाकली होती. गुढी आदल्या दिवशीच उभारून उतरवून झाली होती. संध्याकाळी त्यांनी खुर्ची आत नेली.

कुसुम दुसऱ्या दिवशी आली. वसंताला पाडव्याला अचानक ओव्हरटाइम लागला होता, तिला दिवस गेलेले, एकटीला येववेना. हातात श्रीखंडाचा डबा होता. वसंता देवळापाशी थांबला आणि तिने कडी वाजवली. आतून दत्तोपंतांचा आवाज आला, ऑफिसात बोलायचे तसा.

"मुदत काल संपली."

"बाबा, एकच दिवस हो."

"एक दिवस उशीर म्हणजे उशीरच."

ती बराच वेळ उभी होती. मग डबा उंबऱ्यावर ठेवून निघून गेली. आमच्या हिने डबा आत आणला, आणि पदर डोळ्यांना लावून मला म्हणाली, "ह्या माणसाशी यापुढे बोललात तर बघा." मी बोलत राहिलो, हेडक्लार्क होते. पण मला त्यांचा राग आला होता. खरं सांगतो, आजही ती कडी आठवली की येतो.

या गोष्टीला दीड वर्ष झालं होतं. कुसुमला मुलगा झाला. आमची ही कासारवाडीला जाऊन यायची आणि आल्यावर मधल्या भिंतीशी उभी राहून मला मोठमोठ्याने सांगायची, "पोराला दात आले हो! अगदी आजोबांचं कपाळ घेतलंय!" मी तिच्यापासून हातभर अंतरावर असायचो. पलीकडून काही आवाज यायचा नाही. दत्तोपंतांचा स्टोव्ह तेवढा बंद व्हायचा.

असा हा माणूस. आणि ट्रक वाचवायचा तर त्याला आता दुसऱ्यासाठी मुदतवाढ मागावी लागणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोपानरावांचा ट्रक आमच्या ओळीसमोर उभा राहिला. पुण्याच्या कोणा पाहुण्यासाठी मागे कांद्याची दोन पोती टाकली होती. दत्तोपंत मध्ये बसले, मी दाराशी. त्यांच्या मांडीवर अर्जाच्या तीन प्रती होत्या आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला भिंतीचा तुकडा होता.

"तो कशाला?" मी विचारलं.

"पुरावा."

पुण्यापर्यंत ते एवढंच बोलले.

इन्कमटॅक्सचे साहेब तरुण होते, त्याच वर्षी बदलून आलेले. दत्तोपंतांना बघून म्हणाले, "पळसुले ना? तुमचं रिटर्न मे महिन्यातच आलंय. शून्याचं."

दत्तोपंत उभेच राहिले. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. गेली कित्येक वर्षं हा माणूस या टेबलासमोर ताठ मानेने येत होता. आता अर्जाच्या तीन प्रती ते उगाच परत परत एकावर एक जुळवत होते. सोपानराव एकदा माझ्याकडे आणि एकदा त्यांच्याकडे बघत होते. ट्रक जाणार की राहणार, हे दत्तोपंतांच्या तोंडून निघणाऱ्या एका शब्दावर होतं, आणि तो शब्द काही निघत नव्हता. मला वाटलं, आता हे वळतात आणि घरी जातात.

"साहेब," शेवटी ते म्हणाले, "उशीर झालाय. मुदत वाढवून हवी आहे."

"तुम्हाला?"

"यांना. पण मागतोय मी."

साहेबांनी अर्ज घेतला आणि मोठ्याने वाचला. "'सदर नोटीस अर्जदाराच्या भिंतीवर बजावण्यात आली असता, अर्जदाराच्या वयोवृद्ध मातोश्रींनी नवरात्रानिमित्त ती भिंत पोतारल्यामुळे सदर नोटीस भिंतीच्या आत गेली.'" त्यांनी वर पाहिलं. दत्तोपंतांनी पुरावा सोडून टेबलावर ठेवला. पांढरी माती, शेण, आणि मधोमध सरकारी शिक्का.

साहेब हसले नाहीत. हसू आवरण्यासाठी त्यांनी काही वेळ खिडकीबाहेर पाहिलं, एवढंच.

"किती दिवस हवेत?"

या प्रश्नाची दत्तोपंतांनी तयारीच केली नव्हती. त्यांनी नकाराची तयारी केली होती. "जेवढे... साहेबांच्या मर्जीला येतील तेवढे."

"महिना पुरेल?" साहेबांनी अर्जाच्या कोपऱ्यात दोन ओळी लिहिल्या, सही केली आणि कागद पुढे सरकवला. "हे घ्या."

"एवढंच?" दत्तोपंत म्हणाले.

"एवढंच."

"दंड?"

"कशाचा?" साहेब म्हणाले. "अहो पळसुले, तारीख आम्हीच घालतो, ती वाढवायला आमचं काय जातं? ज्याला यायचंच नसतं तो येतच नाही. त्याला मी दंड करतो. उशिरा का होईना, जो येऊन उभा राहतो, त्याला यायचं असतं हो. त्याला हाकलून मला काय मिळणार?"

सोपानरावांनी साहेबांना वाकून नमस्कार केला आणि बाहेर येऊन दत्तोपंतांच्या पायाला हात लावला. दत्तोपंतांना त्याचा पत्ताच नव्हता. ते पायरीवर बसले. मी म्हणालो, "चला, चहा घेऊ." ते म्हणाले, "हो." आणि उठले नाहीत. सोपानराव मला बाजूला घेऊन म्हणाले, "पंतांना ऊन लागलं का काय?" कार्तिक लागायला आला होता, ऊन कसलं लागतंय?

पाहुण्याला कांद्याचं एकच पोतं पुरे होतं; ते उतरवून, दुसरं तसंच मागे ठेवून आम्ही परत निघालो. सोपानराव खुशीत होते. महिन्याभरात खाणीवाल्याच्या मुंडीवर बसून सगळ्या चिठ्ठ्या आणतो, म्हणत होते. म्हातारीला आता भिंत परत पोतारायला सांगतो, म्हणत होते. दत्तोपंत समोरच्या रस्त्याकडे बघत होते. दापोडीचा पूल मागे पडला.

"कासारवाडीत खोली कुठे आहे म्हणाल्या होत्या तुमच्या घरातल्या?" त्यांनी एकदम विचारलं.

आमची ही ते त्यांना कधीच म्हणाली नव्हती. भिंतीला म्हणाली होती.

"रस्त्यालगतच. पिंपळाच्या समोरची ओळ, शेवटून दुसरी," मी म्हणालो.

"थांबवा," ते म्हणाले. सोपानरावांनी ट्रक थांबवला.

ते उतरले नाहीत. मी दार उघडून खाली उतरून उभा राहिलो, तरी ते बसलेलेच. समोर खोली दिसत होती. दोरीवर लहान लहान दुपटी वाळत होती.

"कोन ऱ्हातं हितं?" सोपानरावांनी विचारलं.

"माझी मुलगी."

"आन् मंग? उतरा की वं पंत! लेकीच्या दारात येऊन टरकात बसून ऱ्हात्यात व्हय?"

"रिकाम्या हाताने..." दत्तोपंत पुटपुटले.

पुढचं ऐकायला सोपानराव थांबलेच नाहीत. मागे चढून त्यांनी कांद्याचं दुसरं पोतं सोडलं, निम्मे कांदे एका फडक्यात बांधले आणि ते गाठोडं दत्तोपंतांच्या हातात दिलं. एरवी सोपानरावांचा एक कांदाही न घेणारा माणूस ते गाठोडं पोटाशी धरून निघाला. पोतारल्याची पांढरी माती त्यांच्या धोतराला लागली होती. ते दारापर्यंत गेले आणि थांबले. कडी वाजवायला हात मोकळा नव्हता, आणि गाठोडं खाली ठेवायचं काही त्यांना सुचेना.

दार आतूनच उघडलं. ट्रकचा आवाज ऐकून कुसुम बाहेर आली असावी. कडेवर पोरगं होतं. तिने बापाकडे पाहिलं, गाठोड्याकडे पाहिलं.

दत्तोपंत काहीतरी म्हणाले. आम्हाला ऐकू आलं नाही. मला वाटतं दोनच शब्द असावेत. कुसुमने एक हात पुढे करून गाठोडं घ्यायला पाहिलं, तर ते सोडीनात. कांदे घरंगळले, पोरगं खिदळलं, आणि ही पोर तिथेच उंबऱ्यावर बसून रडायला लागली. दत्तोपंत खाली वाकून एकेक कांदा गोळा करायला लागले. नाक पुसत होते आणि गोळा करत होते. मी ट्रकच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभा राहिलो, कारण माझंही काही खरं नव्हतं.

थोड्या वेळाने बघतो तर दार लोटलेलं, आणि बाहेर त्यांच्या वहाणा.

आम्ही अर्धा तास वाट पाहिली. सोपानरावांची दोन पानं खाऊन झाली. त्यांना ट्रक खाणीवर न्यायचा होता, मला ऑफिसात तोंड दाखवायचं होतं. शेवटी त्यांनी भीत भीत हॉर्न वाजवला.

दत्तोपंत दारात आले. डोक्यावर टोपी नव्हती. तोंडाला श्रीखंड की साय, काहीतरी पांढरं लागलं होतं, आणि त्यांचं बोट एका चिमुकल्या मुठीत होतं. त्यामुळे त्यांना अर्धवट वाकूनच बोलावं लागत होतं.

"तुम्ही व्हा पुढे, खेडकर," ते म्हणाले. "मला उशीर होईल."